पंप आधी की धाप आधी?

"दम्याचा पंप घेत होते, फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली." औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या केंद्रात असं वाक्य आलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पंप आधी की धाप आधी? उत्तर बहुतेकांना सोपं वाटतं आणि बहुतेक वेळा ते चुकतं. अशी एक नोंद फॉर्मवर उतरवून, तपासून पुढे पाठवेपर्यंत काय काय करावं लागतं आणि कुठे हमखास पाय घसरतो, ते इथे लिहीत आहोत.

आधी व्यवस्थेबद्दल थोडं. आपल्याकडचा औषध-दुष्परिणाम नोंदणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याचं समन्वय केंद्र पहिल्यांदा दिल्लीच्या एम्समध्ये होतं, एप्रिल २०११ पासून ते घाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे. गावोगावच्या मेडिकल कॉलेजांत, बहुधा औषधशास्त्र विभागात, त्याची उपकेंद्रं असतात. मुंबईत केईएममध्ये आहे. फॉर्म डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांनी भरावा ही अपेक्षा आहेच, पण रुग्णाला स्वतःलाही कळवता येतं. त्याच्यासाठी वेगळा सोपा फॉर्म आहे आणि तो मराठीतही मिळतो. १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क क्रमांकावर सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते संध्याकाळी साडेपाचपर्यंत फोन केला तरी चालतं.

फॉर्म लिहायला डॉक्टर कचरतात, कारण पुढे आपल्यालाच कुणी जाब विचारेल अशी धास्ती असते. फॉर्मवरच स्पष्ट छापलेलं आहे की नोंद पाठवली म्हणजे डॉक्टरची, कंपनीची किंवा औषधाची चूक कबूल केली असं होत नाही. रुग्णाचं नावही लागत नाही, फक्त आद्याक्षरं. आद्याक्षरं, वय, काय झालं, कधी सुरू झालं, कुठल्या औषधाचा संशय आहे आणि कळवणारा कोण, एवढं असलं की नोंद स्वीकारली जाते. सिद्ध करून आणा असं कुणी म्हणत नाही. मात्र एवढ्यावरच थांबलेली गुठळीची नोंद फारशी कामाची नसते. म्हणून खरं काम इथून पुढे.

नातेवाइकांना आम्ही एकच सांगतो: घरातली औषधांची पिशवी आहे तशी घेऊन या. यादी नको, पिशवी. यादीत माणूस त्याच्या मते जी औषधं असतात तीच लिहितो. पिशवीतून बाकीचं बाहेर पडतं.

पिशवीतला पंप हातात घेतला की प्लॅस्टिकच्या खोळीतून धातूचा डबा वर ओढून काढायचा. खोका कधीच कचऱ्यात गेलेला असतो, पण बॅच नंबर आणि मुदत डब्यावर छापलेली असते. त्याचा फोटो काढून ठेवायचा. मग मात्रा. 'पंप घेते' या दोन शब्दांत निळ्या खोळीतला, धाप लागली की तात्पुरता आराम देणारा साल्ब्युटामॉल असू शकतो, फॉर्मोटेरॉल-ब्युडेसोनाइडची जोडी असू शकते (यातलं ब्युडेसोनाइड हे ओढायचं स्टिरॉइड), नाहीतर यंत्रात फोडून ओढायची कॅप्सूल. जोडीच्या पंपावर '२००' लिहिलेलं असेल तर तो ब्युडेसोनाइडचा आकडा, मायक्रोग्रॅममध्ये. फॉर्मोटेरॉल सोबत ६ मायक्रोग्रॅम. फॉर्मवर नुसतं '२००' लिहिणं निरुपयोगी आहे. 'दर झटक्याला ६ + २००, दोन झटके, दिवसातून दोनदा' असं लिहायचं.

आणि खरंच घेत होते का? याचं उत्तर तोंडी विचारून मिळत नाही, मेडिकलच्या बिलांवरून मिळतं. १२० झटक्यांचा पंप रोज चार झटक्यांनी ३० दिवस पुरतो. वर्षभरात तीनच पंप घेतल्याची बिलं असतील, तर 'रोज नियमित' हे उत्तर फॉर्मवर तसंच्या तसं उतरवू नये. उलट साल्ब्युटामॉलचा २०० झटक्यांचा पंप महिन्याभरात संपत असेल, तर दमा आटोक्यात नव्हता हे कळतं, आणि गुठळीच्या तपासात त्याला महत्त्व आहे. ते पुढे येईलच.

पिशवीच्या तळाशी असतात त्या पुड्या. कागदाच्या पुडीत तीन-चार गोळ्या, नाव नाही, एक छोटी पांढरी. 'ही घेतली की दोन तासांत छाती मोकळी होते' असं रुग्ण कौतुकाने सांगतो. अशी गोळी बहुतेक वेळा प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन, म्हणजे पोटात जाणारं स्टिरॉइड असते. पंपातलं स्टिरॉइड आणि गोळीतलं स्टिरॉइड यांची सरमिसळ ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महागात पडणारी चूक. पंपातून दिवसाला जातात ८०० मायक्रोग्रॅम, त्यातला मोठा भाग घशातून पोटात उतरतो आणि त्यातलं सुमारे ९० टक्के ब्युडेसोनाइड यकृतातच निकामी होतं. प्रेडनिसोलोनचा ठरलेला छोटा कोर्स दिवसाला ४० मिलिग्रॅमचा असतो, तोही अख्ख्या शरीरात फिरणारा. (ब्युडेसोनाइड वजनाला वजन जास्त जोरकस आहे, त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवून गुणाकार करू नये, पण कल्पना यावी.) अमेरिकेत १५ लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदी तपासलेला अभ्यास २०१७ साली छापून आला. त्यात स्टिरॉइड गोळ्यांचा ३० दिवसांहून छोटा कोर्स घेतल्यावर पहिल्या महिन्यात शिरांमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण सुमारे सव्वातीन पट दिसलं. 'पाचच दिवस तर घेतल्या' म्हणून गोळी फॉर्मवरून गाळायची नाही.

तिसरी गोष्ट विचारावीच लागते, कारण ती पिशवीत सापडत नाही: पाळी पुढे ढकलायची गोळी. नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. गौरी-गणपती, लग्न, घरातली पूजा, अशा वेळी मेडिकलमधून थेट आणलेली, काम झालं की विसरलेली. तिला औषध म्हणून कुणी मोजत नाही. 'काही गोळ्या चालू आहेत का' याला उत्तर 'नाही' येतं. 'गेल्या दोन महिन्यांत पाळी पुढेमागे करायला काही घेतलं होतं का' असं विचारलं तर 'हो, तेवढंच' येतं. शरीरात या गोळीचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि गुठळीशी तिचा संबंध पंपापेक्षा कितीतरी जास्त पक्का आहे. गर्भनिरोधक गोळ्या, प्लास्टर घातलेला पाय, अलीकडचं ऑपरेशन, बाळंतपण, कॅन्सर, घरात कुणाला पायात गुठळी झालेली, हेही याच बैठकीत विचारून घ्यायचं.

मग कोरा कागद आडवा धरून एक रेघ मारायची आणि तिच्यावर तारखा मांडायच्या. फॉर्मपेक्षा या रेघेवर आमचा जास्त भरवसा.

तारखांचे दोन नमुने पुन्हा पुन्हा दिसतात. पहिल्यात पंप नवा असतो: दोन-तीन आठवड्यांपूर्वी चालू झालेला. माणूस चाळिशी-पन्नाशीचा, आयुष्यात कधी दमा नाही, अचानक जिना चढताना धाप लागू लागली, दवाखान्यात छाती तपासली, 'ॲलर्जिक दमा असेल' म्हणून पंप दिला. महिन्याने गुठळी सापडली. कागदावर पंपाची तारीख गुठळीच्या आधी आहे. पण गुठळीची जी तारीख आपण लिहिली ती सीटी स्कॅनची! लक्षणांची तारीख पंपाच्या आधीची आहे. छोट्या छोट्या गुठळ्या आठवडेच्या आठवडे धाप देत राहतात आणि त्या धापेवर पंप दिला जातो. म्हणजे पंपामुळे गुठळी झाली नाही, गुठळीमुळे पंप आला. डेन्मार्कमध्ये शिरांतल्या गुठळ्यांच्या ३८,७६५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ साली छापून आला. नव्यानेच ओढायचं स्टिरॉइड चालू केलेल्यांमध्ये गुठळीचं प्रमाण २.२१ पट निघालं. हा आकडा सुटा काढून कुणी दाखवला तर घाबरायला होतं. पण त्यात ही उलटी बाजू मिसळलेली असू शकते हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा लागतो. म्हणून फॉर्मवर 'दुष्परिणाम सुरू झाल्याची तारीख' या रकान्यात स्कॅनची तारीख कधीही लिहायची नाही. पहिली धाप लागली तो दिवस लिहायचा.

दुसऱ्या नमुन्यात पंप जुना असतो, चार-पाच वर्षांचा, आणि गुठळी आज. तेव्हा प्रश्न उलटा: पंप तर तोच आहे, मग गेल्या तीन महिन्यांत नवीन काय घडलं?

निदान पक्कं आहे का, हेही नोंद घेणाऱ्यानेच पाहायचं असतं. फाइलमध्ये 'एचआरसीटी नॉर्मल' असा कागद असतो आणि घरचे म्हणतात, सीटीत तर काही निघालं नाही. कोविडपासून एचआरसीटी हा शब्द घराघरांत पोचला, पण तो स्कॅन साधारणपणे शिरेत डाय न देता काढतात, त्यात फुफ्फुसाच्या धमन्यांमधली गुठळी दिसत नाही. त्यासाठी डाय देऊन काढलेला सीटी पल्मनरी अँजिओग्राम लागतो. त्याच्या रिपोर्टात कुठल्या धमनीत 'फिलिंग डिफेक्ट' (डाय न भरलेली जागा, म्हणजे गुठळी) आहे ते शब्दशः उतरवून घ्यायचं. डी-डायमर या, गुठळीचा सुगावा देणाऱ्या रक्तचाचणीचा आकडा लिहिताना सोबत एकक लिहायचं. ५०० नॅनोग्रॅमची नेहमीची सीमा एफईयू या एककात आहे. काही लॅब डीडीयूमध्ये देतात, तिथे तीच सीमा साधारण निम्म्यावर येते. एककाशिवाय '४२०' हा आकडा एका लॅबचा सामान्य आणि दुसरीचा वाढलेला ठरतो.

नाडीचंही तसंच. गुठळीचा अंदाज बांधायला डॉक्टर वेल्सचे गुण मोजतात. त्यात नाडी १०० च्या वर असली की दीड गुण मिळतो. पण दम्याच्या रुग्णाला दारातच साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझर लावलेलं असतं आणि साल्ब्युटामॉल नाडी वाढवतंच. म्हणून नेब्युलायझरच्या आधीची नाडी केस पेपरवर आहे का ते शोधायचं. नसेल तर 'नंतरची' असं स्पष्ट लिहायचं. नेब्युलायझर दोन-तीनदा लावूनही ऑक्सिजन वर येत नाही, छातीत घरघर फारशी नाही, पीक फ्लो (जोरात फुंकून मोजलेला श्वासाचा वेग) नेहमीच्या आसपास आणि धाप मात्र भयंकर, हा मेळ बसत नाही असं ड्युटीवरच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं असेल, तर ते वाक्य सोन्याचं.

आता एक रचलेलं उदाहरण घेऊन फॉर्म भरू. बाई ४२ वर्षांच्या, दमा लहानपणापासून. जोडीचा पंप (६ + २००) तीन वर्षं, रोज चार झटके. पावसाळ्यात दमा दोनदा उसळला, दोन्ही वेळा प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम पाच-पाच दिवस. दुसरा कोर्स गणपतीच्या आठ दिवस आधी संपला. गौरी जेवणाच्या दिवशी पाळी येणार म्हणून नॉरएथिस्टेरॉन तीन वेळा, दहा दिवस. परतीच्या प्रवासात कोकणातून मुंबईला एसटीत तेरा तास. तिसऱ्या दिवशी डाव्या पोटरीत दुखरी सूज, चौथ्या दिवशी अचानक धाप आणि उजव्या छातीत कळ. अँजिओग्राममध्ये उजव्या खालच्या खंडाच्या धमनीत गुठळी, डॉपलरमध्ये (शिरांच्या सोनोग्राफीत) डाव्या पायात.

'काय झालं' या रकान्यात 'धाप' लिहू नका. दम्याच्या औषधाखाली 'धाप' असं नोंदलं की ती नोंद धापेच्या ढिगाऱ्यात हरवते, कारण तसं तर सगळेच कळवतात. 'पल्मनरी एम्बोलिझम' (फुफ्फुसातली गुठळी) आणि वेगळ्या ओळीत 'डीप व्हेन थ्रॉम्बोसिस' (पायाच्या खोल शिरेतली गुठळी) लिहायचं. गांभीर्याच्या चौकटीत 'रुग्णालयात दाखल' आणि, रक्तदाब कोसळला असेल तर, 'जिवाला धोका'. संशयित औषधांत तीन ओळी: पंप, नॉरएथिस्टेरॉन, प्रेडनिसोलोन. कळवणाऱ्याने पंपाचा संशय घेतला असेल तर आपलं मत वेगळं असलं तरी ती ओळ खोडायची नाही. मत मूल्यमापनात मांडायचं असतं. गुठळीच्या उपचाराला दिलेलं हेपॅरिन (रक्त पातळ करणारं औषध) 'सोबतची औषधं' मध्ये टाकायचं नाही, ही चूक नवशिके हमखास करतात.

मग नारान्जोचे दहा प्रश्न, १९८१ सालापासून चालत आलेले: घटनेला औषध जबाबदार असण्याची शक्यता किती, ते गुणांवर ठरवणारे. पंपासाठी: आधीचे निर्णायक पुरावे नाहीत, ०. घटना औषधानंतर घडली, +२. औषध थांबवल्यावर सुधारणा? पंप थांबवलाच नाही, ०. पुन्हा देऊन पाहिलं नाही, ०. दुसरी कारणं आहेत, -१. चाचणीने घटना सिद्ध, +१. बाकी शून्य. बेरीज २, म्हणजे 'शक्य'. नॉरएथिस्टेरॉनसाठी पहिल्या प्रश्नाला +१ मिळतो, बेरीज ३. तेही 'शक्य', कारण १ ते ४ एकाच खान्यात येतात. इथे प्रश्नावलीची मर्यादा उघडी पडते: तीन वर्षं बिनबोभाट चालू असलेला पंप आणि नुकतीच दहा दिवस घेतलेली हार्मोनची गोळी, दोघांना एकाच बाकावर बसवते. शिवाय 'औषध थांबवल्यावर बरं वाटलं का' हा प्रश्न गुठळीला लागूच पडत नाही. रुग्णाला रक्त पातळ करणारी औषधं चालू असतात, सुधारणा त्यांनी होते. नॉरएथिस्टेरॉन बंद केल्यावर बाई सुधारल्या म्हणून +१ देणं हा सरळ अप्रामाणिकपणा आहे. म्हणून आम्ही जागतिक आरोग्य संघटना-उप्साला पद्धतीची वर्गवारीही लावतो. तिच्यात पंप 'संभव कमी' मध्ये जातो, बाकी दोघे 'शक्य' मध्ये. आणि खाली चार ओळींत का ते लिहितो. पुढे वाचणाऱ्याला त्या चार ओळीच उपयोगी पडतात.

या सगळ्यात रुग्णाने मध्येच एक पाऊल उचललेलं असतं: पंप बंद. 'गुठळी पंपाने झाली' हे कानावर पडल्यावर ते साहजिकच आहे, आणि धोक्याचंही. नेदरलँड्समध्ये दम्याच्या ६४८ रुग्णांची पाहणी २०१३ साली छापून आली. फुफ्फुसातल्या गुठळीचं प्रमाण सर्वसाधारण लोकांत दर हजार माणसांमागे वर्षाला ०.१८, सौम्य-मध्यम दम्यात ०.३३ आणि तीव्र दम्यात ०.९३ होतं. धोका ज्यांच्याशी जोडलेला दिसला ती कारणं दोन: वरचेवर उसळणारा दमा आणि पोटातून घेतलेलं स्टिरॉइड. नियमित पंप नेमक्या याच दोन गोष्टी कमी करतो. तो बंद केला की दमा उसळतो, मग गोळ्यांचा कोर्स, मग अंथरुणावर चार दिवस. म्हणून डिस्चार्ज कार्डवर कुठली औषधं बंद आणि कुठली चालू हे औषधाच्या नावानिशी लिहून घ्यावं. नुसतं 'हार्मोन टाळा' पुरत नाही, 'पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या कधीही नाहीत' असं लिहिलेलं लक्षात राहतं. पंपाबद्दल निर्णय छातीच्या डॉक्टरांचा, मेडिकलच्या काउंटरवरचा नव्हे.

नोंद पुढे स्वीडनमधल्या उप्सालाच्या जागतिक साठ्यात जाते. तिथले आकडे कुणालाही बघता येतात, पण ते प्रमाण नसतं. 'अमुक पंपाखाली गुठळीच्या इतक्या नोंदी' यात तो पंप किती कोटी लोक ओढतात हा छेद नसतो. एखाद्या औषधाच्या १०,००० नोंदींत ४० गुठळीच्या असतील तर ते ०.४ टक्के झालं नोंदींचं, रुग्णांचं नव्हे. इतर सगळ्या औषधांच्या नोंदींत गुठळी ०.५ टक्के असेल तर त्या काल्पनिक पंपाचं गुणोत्तर ०.८ येतं. तपासणारे सहसा गुणोत्तर २ च्या वर, निदान तीन नोंदी आणि काय-वर्ग (हा निव्वळ योगायोग नसावा हे सुचवणारा संख्याशास्त्रातला आकडा) ४ च्या वर गेला की त्या जोडीकडे वळून बघतात. तिथून पुढे प्रत्येक नोंद उघडून वाचली जाते. पाळीच्या गोळीची ओळ फॉर्मवर नसेल तर वाचणाऱ्याला फक्त पंप दिसतो.

शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी राहूनच जातो. नोंदीला क्रमांक मिळतो, तो रुग्णाच्या फाइलवर पेनाने लिहून ठेवायचा. गुठळीवरची औषधं निदान तीन महिने चालतात. त्यानंतर त्याच क्रमांकावर, फॉर्मवरच्या 'फॉलो-अप' चौकटीत खूण करून पुढची माहिती पाठवायची. प्रोटीन सी, प्रोटीन एस यांसारख्या आनुवंशिक कारणांच्या चाचण्या ऐन गुठळीत आणि औषधं चालू असताना फसव्या येतात, म्हणून त्यांचे निकाल याच वेळी येतात आणि कधी कधी सगळं मूल्यमापन फिरवतात. तीन महिन्यांनीही धाप उरली असेल तर पंपाची मात्रा वाढवण्याआधी इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) आणि फुफ्फुसाचा व्ही/क्यू स्कॅन (हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा) झाला का ते विचारायचं. जुनी गुठळी न विरघळता धमनीत चिकटून राहिली असेल तर ती धाप पंपाने जाणार नाही. ते स्कॅन होईपर्यंत 'परिणाम' या रकान्यात 'पूर्ण बरे' वर खूण करू नये, 'सुधारत आहेत' वरच ठेवावी.